मदत हवी आहे: कलमकारी पलंगपोसाच्या काळ्या रेषांपाशी कापड विरतंय, अस्तर कसं लावावं?

मच्छलीपट्टणमचा जुना, ठशांनी छापलेला सुती पलंगपोस आहे. मधोमध फुलांनी लगडलेलं झाड, बुंध्याशी मोरांची जोडी. लाल रंग अजून टवटवीत आहे. पानं मात्र निळी दिसतात, कारण हिरवा हा निळीवर पिवळा चढवून केलेला असतो आणि उन्हात पिवळा आधी उडतो. ते तसंच राहू दे, सुंदरच दिसतं.

खरी अडचण काळ्या रेषांची. हा काळा गंजलेलं लोखंड आणि गूळ आंबवून केलेल्या पाण्याचा. हिरड्याच्या पाण्यात भिजवलेल्या कापडावर तो उमटतो. त्यातलं लोह वर्षानुवर्षं सूत कुजवतं. मोराच्या पिसाऱ्यात रेषेबरहुकूम, कात्रीने कापल्यासारख्या चिरा गेल्या आहेत. शेजारचं लाल कापड धडधाकट!

डिंक किंवा फेविकॉल नको, कडक होऊन घडीवर तुटतं. खळ लावली तर कसर लागते. लिंबू-व्हिनेगर तर मुळीच नको, आम्लाने काळा रंगच निघून जातो.

मागून धुतलेल्या मलमलचं अस्तर द्यायचा विचार आहे. टाके चिरेच्या दोन्ही बाजूंना, धड कापडात घ्यायचे हे ठीक. पण रेषेपासून किती अंतरावर? दोरा सुती की एकपदरी रेशमी? वरून बारीक जाळी लावली तर मोराचं रेखाटन झाकोळेल का? आणि त्याआधी रिठ्याच्या पाण्यात धुणं या चिरांना झेपेल, की नुसती धूळ काढून थांबावं?

ज्यांनी असं काम हाताने केलंय त्यांनी कृपया सांगा.