फेरिटिन ५४०, एलडीएल १६२ : पुढची तपासणी कोणती?

गोरेगावकर : माझ्या ६१ वर्षांच्या वडिलांचे फेरिटिन (शरीरातला लोहसाठा दाखवणारे प्रथिन) ५४० आणि एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १६२ आले आहे, दोन्ही जास्त. जास्त लोहामुळे कोलेस्टेरॉल वाढते का, हृदयाला धोका असतो का? दीड हजाराच्या आत कोणती तपासणी करावी?

परळवासी : थेट हृदयाचा टी२ स्टार एमआरआय (हृदयातले लोह मोजणारे स्कॅन) करा. माझ्या भाच्याला थॅलेसेमिया असल्याने सतत रक्त चढवावे लागते, आणि हृदयाच्या स्नायूत साचलेले लोह त्यातच दिसले. अशा वेळी खर्च पाहू नये.

मुलुंडची मावशी : आधी लोखंडी कढई माळ्यावर टाका. आम्ही केव्हाच टाकली.

दादर पश्चिम : मावशी, निव्वळ कढईने फेरिटिन एवढे चढत नाही. यकृतातली चरबी, मद्यपान, संसर्ग यांनीही ते वाढते. म्हणून सकाळी उपाशीपोटी ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तात लोह वाहणारे प्रथिन किती टक्के लोहाने भरले आहे, याची तपासणी) करावे, आणि ते ४५ टक्क्यांच्या वर असेल तरच जादा लोहसाठ्याचा संशय घ्यावा. लोहाने एलडीएलचा आकडा वाढतोच असे नाही. मात्र मोकळे लोह एलडीएलचे ऑक्सिडीकरण घडवते आणि तसे एलडीएल गिळून फुगलेल्या पेशी धमनीच्या भिंतीत साचतात, असे मानले जाते.

बोरिवलीचा रक्तदाता : मी दर तीन महिन्यांनी रक्तदान करतो, एका पिशवीबरोबर साधारण २०० मिलिग्रॅम लोह जाते, आणि माझे कोलेस्टेरॉल उत्तम आहे. काकांनाही शिबिरात न्या.

शंकेखोर : पहिल्यांदा रक्त देणाऱ्याला वयाची मर्यादा ६० आहे, तेव्हा काकांना परत पाठवतील. शिवाय जास्त लोह आणि हृदयविकार यांचा संबंध १९८१ मध्ये संशोधक सुलिवन यांनी मांडला आणि १९९२ च्या फिनलंडमधील अभ्यासाने त्याला बळ दिले, तरी पायांच्या धमन्यांचा विकार असलेल्यांचे रक्त काढून लोह कमी करण्याच्या २००७ च्या अमेरिकन चाचणीत एकूण मृत्यू लक्षणीय घटले नाहीत. १६२ एलडीएलचा उपचार वेगळा करावाच लागेल.

परळवासी : एमआरआयचे मी वर लिहिलेच आहे.

गोरेगावकर : सांगायचे राहिले, बाबांना गेल्या महिन्यात डेंग्यू झाला होता.

दादर पश्चिम : हे आधी सांगायचे! डेंग्यूत फेरिटिन भरमसाट वाढते. महिनाभर थांबून फेरिटिन आणि सॅच्युरेशन एकत्र करा, दीड हजारात बसेल. एलडीएलसाठी मात्र थांबू नका, डॉक्टरांना आत्ताच दाखवा.

मुलुंडची मावशी : तरीही कढई नकोच.

गोरेगावकर : सर्वांचे आभार. आत्याच्या आग्रहाने बाबांनी तीन हजारांचे संपूर्ण तपासणीचे पॅकेज घेतले असून उद्या सकाळी रक्त घ्यायला माणूस येणार आहे. त्यात ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन नाही, पण थायरॉईड आहे.