ओल इथे, गळती कुठे? (अनुभव धागा)

नळ टपकत असला तर दिसतो. वॉशर बदलला की विषय संपला. पण भिंतीच्या पोटात, लादीखाली किंवा स्लॅबमध्ये पाणी मुरत असेल तर रंगाचे पोपडे सुटेपर्यंत पत्ता लागत नाही. मग सल्ले सुरू. एक म्हणतो वॉटरप्रूफिंग गेलं, दुसरा म्हणतो वरच्यांचाच प्रॉब्लेम, तिसरा हातोडा घेऊन तयारच असतो. तर अशी लपलेली गळती तुमच्या घरात कशी लक्षात आली, नेमकी जागा कशी सापडली, दुरुस्ती काय केली आणि ती टिकली का, ते इथे लिहा. 'चांगला प्लंबर बोलवा' एवढंच लिहून जाऊ नका, त्या चांगल्या प्लंबरने काय केलं ते सांगा.

सुरुवात मीच करते.

बाथरूमला लागून असलेल्या बेडरूमच्या भिंतीवर गुडघ्याच्या उंचीला ओल आली. डागाच्या कडेने पेन्सिलीची रेघ मारली आणि शेजारी तारीख लिहिली. आम्ही बाहेरगावी होतो, बाथरूम कोरडं ठणठणीत होतं, तरी परत आल्यावर डाग रेघेच्या बाहेर गेलेला. म्हणजे सांडपाण्याचा संबंध नाही, सतत दाबाखाली असलेल्या लाइनीतूनच पाणी येतंय. रात्री सगळे नळ बंद करून मीटरच्या आकड्याचा फोटो काढला. सकाळी शेवटचे आकडे सरकलेले. मीटरच्या तबकडीवर एक छोटीशी चांदणी असते ना, ती अगदी हळू पण फिरत होती.

मग एकेक व्हॉल्व्ह बंद करत गेलो. फ्लशचा बंद केला, चांदणी चालूच. बेसिनखालचे दोन्ही अँगल कॉक (भिंतीतून येणाऱ्या पाण्याचे छोटे व्हॉल्व्ह) बंद केले, तरी चालू. गिझरच्या इनलेटचा बंद केला आणि चांदणी थांबली. म्हणजे गरम पाण्याची लाइन. व्हॉल्व्ह परत उघडला, गिझर चालू करून गरम पाणी बराच वेळ सोडलं, नंतर नळ बंद करून थोडं थांबलो आणि टाइल्सवर तळहात फिरवला. पाइप जातो तिथला पट्टा निवायला लागला होता, पण शॉवरच्या मिक्सरच्या खाली एक जागा गरमच राहिली.

तिथल्या मोजक्या टाइल्स काढल्या. सीपीव्हीसीच्या (गरम पाण्याला चालणारा प्लास्टिक पाइप) एल्बोमध्ये, म्हणजे काटकोनी जोडात, पितळी आट्यांचा तुकडा बसवलेला असतो, तो प्रमाणाबाहेर आवळल्यामुळे एल्बोला केसाएवढी चीर गेली होती. फडक्याने पुसलं की कोरडी दिसायची, नजर ठेवून बसलं की चिरेच्या टोकाशी मोहरीएवढा थेंब फुगायचा आणि पाइपच्या पोटावरून मागच्या बाजूला पळायचा. म्हणूनच बाथरूममध्ये काही दिसत नव्हतं आणि बेडरूमची भिंत भिजत होती. वरून एम-सील थापायला प्लंबरने साफ नकार दिला. तेवढा भाग कापून नवीन एल्बो बसवला, जोडाचं सॉल्व्हंट सुकू दिलं आणि लाइनीत दाब चढवणारा चाचणीचा पंप लावून दाबाच्या गेजचा काटा जागचा हलत नाही हे दाखवल्यावरच गिलावा केला. भिंत पुरती वाळायला मात्र महिने लागले, रंग त्यानंतर.

* * *

आम्ही वरच्या मजल्यावरचे, म्हणजे आरोपी. खालच्या काकूंच्या बाथरूमच्या छतातून थेंब पडायचे. त्यांच्या माहितीतल्या कंत्राटदाराने 'तुमची अख्खी बाथरूम फोडून वॉटरप्रूफिंग नव्याने करावं लागेल' असं सांगून टाकलं होतं. माझ्या मिस्टरांनी काकूंना एकच विचारलं, "काकू, थेंब दिवसभर पडतात की ठरावीक वेळेला?" काकू म्हणाल्या, "सकाळी तुमच्या आंघोळी झाल्या की सुरू होतात, दुपारपर्यंत थांबतात."

म्हणजे नळाची लाइन बाद. राहिली लादी आणि सांडपाण्याचा पाइप. न्हाणी ट्रॅपचं (फरशीवरचं पाणी जिथून पाइपात जातं त्या भांड्याचं) तोंड बोळा आणि प्लास्टिक लावून घट्ट बंद केलं, फरशीवर बोटभर पाणी साठवलं आणि बाथरूमला कुलूप लावलं. 24 तासांत खाली एक थेंब नाही. मग बोळा काढून सगळं पाणी एकदम सोडलं, त्यात रंग मिसळून. काकूंचा आवाज थोड्याच वेळात जिन्यातून वर आला, "आलं गं, लाल आलं!"

फरशी निर्दोष सुटली. ट्रॅप आणि त्याच्या पुढच्या पाइपच्या सांध्यात फट होती. ट्रॅपभोवतीचा चौकोन तेवढा फोडला, ट्रॅप बदलला, भोवतीची पोकळी न आकसणाऱ्या ग्राउटने (सिमेंटच्या पातळ मसाल्याने) भरली, वर वॉटरप्रूफिंगचे हात दिले आणि लादी बसवण्याआधी पाणी साठवून पुन्हा तीच चाचणी. काकू आणि आमचं बोलणं पूर्ववत झालं, हा वरचा फायदा.

* * *

आमचं छोटंसंच. ओल कुठेच नाही, तरी पाण्याचा वापर वाढलेला. फ्लशच्या टाकीत खाण्याच्या रंगाचे थेंब टाकले आणि वीसेक मिनिटं फ्लश वापरला नाही. भांड्यात रंग उतरला. टाकीच्या तळाशी असलेल्या व्हॉल्व्हचं रबर कडक झालं होतं. ते बदललं, काम झालं. टाकीतला फ्लोट (पाण्यावर तरंगणारा भाग) फार वर अडकत असेल तर पाणी आतल्या ओव्हरफ्लोच्या नळीतून भांड्यात जात राहतं, तेही बघून घ्या. भांड्याच्या आतल्या, मागच्या भिंतीवर टॉयलेट पेपर चिकटवून ठेवला तर तो भिजलेला लगेच कळतो, रंग नसला तरी चालतं.

* * *

फ्लशवरून आठवलं. गच्चीवरच्या टाकीच्या बॉल कॉकचंही (टाकी भरली की पाणी आपोआप बंद करणारा व्हॉल्व्ह) हेच होतं. आमच्या टाकीचा ओव्हरफ्लो आधीच्या मालकांनी थेट पावसाच्या पाण्याच्या पाइपला जोडलेला, त्यामुळे टाकी भरून वाहतेय हे कुणाला दिसायचंच नाही. आता पाइपचं तोंड मुद्दाम जिन्यासमोर काढलंय. येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोक्यावर पाणी पडलं की आपोआप तक्रार येते.

* * *

आमच्याकडे पहिली खबर विजेने दिली. जोरदार पाऊस झाला की आरसीसीबी (वीज गळायला लागली की पुरवठा तोडणारा सुरक्षा स्विच) ट्रिप व्हायचा, ऊन पडलं की ठीक. इलेक्ट्रिशियनने मेन बंद करून हॉलमधला स्विचबोर्ड उघडला तर आत वायरींवर पाण्याचे मणी. गच्चीवरच्या दिव्यासाठी स्लॅबमधून जो कॉन्ड्युइट पाइप (वायरींची नळी) नेला होता, त्याचं वरचं टोक उघडं पडलं होतं. पाणी त्या नळीतून वळणं घेत थेट हॉलमध्ये. गच्चीला कुठेही तडा नव्हता आणि तरी दोघांनी गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे अंदाज दिले होते! ते टोक सील केलं, वर वाकडा बेंड लावला, भिजलेल्या वायरी बदलल्या. छतातल्या पंख्याच्या हुकातून किंवा दिव्यातून पाणी येत असेल तर आधी त्या सर्किटचा एमसीबी (मेन बोर्डावरचा त्या सर्किटचा स्विच) पाडा. बादली नंतर ठेवा. आणि 'सारखा ट्रिप होतो' म्हणून आरसीसीबी बायपास करून देणारा भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

* * *

जुनं घर, जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप. पॅसेजच्या भिंतीवर फोटोसाठी कुणीतरी फार पूर्वी खिळा ठोकलेला. खिळा थेट पाइपमध्ये घुसला होता आणि गंमत म्हणजे त्यानेच भोक बुजवून ठेवलं होतं. गंजून बारीक झाल्यावर पाणी सुटलं. खिळा उपटला तेव्हा जी पिचकारी उडाली ती समोरच्या दारापर्यंत गेली. एवढा तुकडा बदलू म्हणून प्लंबरने पान्याने जवळचा सांधा फिरवायला घेतला तर आट्याच गळून हातात आल्या. जीआयमध्ये आट्या पाडलेल्या जागी पाइपची जाडी सगळ्यात कमी, गंज तिथेच आधी खातो. शेवटी ती लाइन भिंतीतच बंद करून टाकली आणि नवी भिंतीच्या बाहेरून नेली. दिसायला बरी नाही, पण पुढच्या वेळी शोधायला भिंत फोडावी लागणार नाही.

* * *

मी हेच काम करतो, म्हणून चार गोष्टी.

थर्मल कॅमेऱ्यावर फार विश्वास टाकू नका. त्याला पाणी दिसत नाही, पृष्ठभागाचं तापमान दिसतं. ओल्या जागेतून बाष्पीभवन होतं म्हणून ती थंड दिसते, पण एसीचा झोत लागलेली भिंतही थंडच दिसते. गरम पाण्याच्या लाइनीला मात्र तो चांगला उपयोगी. वर ताईंनी तळहाताने केलं, तेच काम.

दाबाच्या लाइनीसाठी मी कान वापरतो. रात्री, पंखे बंद करून, लाइनीच्या उघड्या भागाला लोखंडी सळई टेकवायची आणि दुसरं टोक कानामागच्या हाडाला. बारीक छिद्रातून पाणी सुटताना 'स्स्स' असा एकसुरी आवाज येतो. जसजसं जवळ जावं तसा तो वाढतो. गॅस सोडून शोधणारी मंडळीही आहेत. 5 टक्के हायड्रोजन आणि 95 टक्के नायट्रोजनचं मिश्रण रिकाम्या लाइनीत भरतात. हे मिश्रण पेट घेत नाही, आणि हायड्रोजन इतका हलका की गळतीच्या जागेतून लादी पार करून वर येतो. मग यंत्राने हुंगायचं.

प्रेशर टेस्ट नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाबाने करतात. त्याआधी लाइनीतली हवा पूर्ण काढा, नाहीतर काटा उगीच सरकतो आणि नसलेली गळती शोधत बसावं लागतं. गरम आणि थंड लाइन वेगवेगळी तपासत असाल तर मिक्सरही आड येतो. त्याचं आतलं काडतूस (गरम-थंड पाणी मिसळणारा भाग) खराब असेल तर थंड पाणी गरम लाइनीत शिरतं, आणि गिझरचा व्हॉल्व्ह बंद करूनही चांदणी फिरत राहते. मिक्सर काढून दोन्ही तोंडांना प्लग लावा, मगच निकाल खरा.

आणि कृपा करून ओल्या भिंतीवर वॉटरप्रूफ रंग मारू नका. पाणी आत कोंडतं, वाट मिळेल तिकडे चढतं, आणि पुढच्या वर्षी लोणा (भिंतीवर फुटणारं पांढरं मीठ) खिडकीपर्यंत पोचलेला असतो.

* * *

आमची गळती नव्हतीच. कपाटामागच्या भिंतीवर बुरशी आली, पाइप जवळपास कुठेच नाही. प्लास्टिकचा चौकोनी तुकडा चारही बाजूंनी टेपने भिंतीला चिकटवला. दोन दिवसांनी पाणी प्लास्टिकच्या बाहेरच्या, खोलीकडच्या अंगाला होतं, आतलं अंग कोरडं. भिंतीतून आलं असतं तर आत साचलं असतं. खोलीतलीच दमट हवा थंड भिंतीवर निवत होती. कपाट वीतभर पुढे ओढलं, कपडे आत वाळत घालणं बंद केलं.

* * *

मदत हवी आहे. घरातल्या नळांना दाब देणारा प्रेशर पंप रात्री मधूनच दोन-तीन सेकंद चालू होतो आणि बंद होतो. सगळे नळ बंद. ओल कुठेही नाही, फ्लशमध्ये रंग टाकून पाहिला, तोही स्वच्छ. काय असेल?

* * *

पंपाच्या पुढचा मेन व्हॉल्व्ह रात्री बंद करून झोपा. तरीही पंप चालू झाला तर दोष पंपाच्या बाजूला आहे. मग पंपाचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा) पाणी मागे सोडत असण्याची शक्यता जास्त, आणि प्रेशर टँकची हवा कमी झाली असेल तर पंप आणखी वारंवार चालू होतो. व्हॉल्व्ह बंद केल्यावर पंप गप्प राहिला तर गळती घरात आहे. मग पहिल्या पोस्टमध्ये लिहिलंय तसं एकेक व्हॉल्व्ह बंद करत या. बागेचा नळ आणि गच्चीवरचा नळ विसरू नका, त्यांची लाइन बहुतेक जमिनीतून जाते आणि तिथली ओल घरात दिसत नाही. काय निघालं ते इथे लिहा.