मामाने शब्द टाकलाय. सोमवारी जाऊ की नको?

प्रश्न: खाडीपलीकडची (देवगड)

माझं बीएस्सी मायक्रोबायोलॉजी झालंय. देवगड तालुक्यातल्या एका आंबा प्रक्रिया कारखान्यात मी सलग दोन वर्षं लॅबमध्ये हंगामी काम केलं. पल्पची बॅच आली की ब्रिक्स (म्हणजे साखरेचं प्रमाण), पीएच, आम्लता. डबे सील झाले की सीम, म्हणजे झाकणाचा सांधा, तपासायची, मग जंतू मोजायला प्लेटा लावायच्या. मे महिन्यात कॅनिंगचा आंबा उतरतो तेव्हा रात्री दोनलासुद्धा फाटकाबाहेर टेम्पोंची रांग असते. लॅबमध्ये मी आणि एक मदतनीस, बस्स.

यंदा एप्रिलमध्ये सांगितलं, हंगामी कोणी नको, कायम एक जागा भरायची. जाहिरात नाही, नोटीस बोर्डवर एक कागद. मी अर्ज केला. मुलाखत सात-आठ मिनिटांची. वडील काय करतात, लग्नाचं कुठवर आलंय, घर कुठल्या वाडीत. कामाचा एकही प्रश्न नाही. चार दिवसांनी कळलं, मालकांच्या भाच्याची वर्णी लागली. तो बीकॉम आहे.

त्यानंतर मलाच फोन आला. "आठवडाभर येऊन त्याला जरा दाखव." मी गेले, कारण पल्प खराब निघाला तर खाणारे वेगळेच असतात. मुलगा वाईट नाही, ताई-ताई करत होता. पण त्याने ब्रिक्स मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर पल्पचा थेंब टाकला तेव्हा आधीच्या बॅचचा वाळलेला थर तसाच होता. काच पुसली नाही, डिस्टिल्ड वॉटरने शून्य लावलं नाही. आकडा आला 21. मी काच पुसून परत घेतला, 17. तोवर त्याने वहीत 21 लिहूनही टाकलं होतं, निळ्या पेनाने, माझ्या दोन वर्षांच्या नोंदींच्या खाली. ते पान अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

आता खरा प्रश्न. माझा मामा लालबागला असतो. त्याच्या ओळखीचे एक गृहस्थ रत्नागिरीतल्या एका मासळी प्रक्रिया कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर आहेत. तिथे लॅबला माणूस हवाय. मामाने शब्द टाकला. परवा त्याचा फोन: "सोमवारी दहाला जा. नुसती जाऊन बस, बाकी सगळं झालेलं आहे."

बाबा खूश आहेत. आई म्हणते, वाढलेल्या ताटावरून उठू नये. पण महिनाभर मी याच घरात त्या भाच्याच्या नावाने रडले. आता माझ्यासाठी तेच चालेल? जिचा मामा लालबागला नाही अशी एखादी मुलगी त्या लॅबसाठी अर्ज करून बसली असेलच ना. जाऊ की नको? आणि पहिल्या ठिकाणाची कुठे तक्रार करता येते का?

उत्तर: जुना गिरणगावकर (मालवण, हल्ली डोंबिवली)

गो बाय, सोमवारी जा. पण त्याआधी माझा जरा ऐक.

माझे वडील 1951 साली मालवणहून बोटीने मुंबईला आले. परळला गावकीच्या खोलीत तीसेक माणसं राहायची, पाळीपाळीने झोपायची. त्याच खोलीतल्या जॉबरने त्यांना गिरणीत बदली म्हणून, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी, लावलं. तुमच्या पिढीला माहीत नसेल म्हणून सांगतो, जॉबर म्हणजे खात्यातला मुकादम. माणूस घ्यायचा, काढायचा, रजा द्यायची, सगळं त्याच्या हातात. इंग्रजांच्या रॉयल कमिशनने 1931 च्या अहवालात जॉबर खातात ती लाच लिहून ठेवली आहे. त्याचा हात आखडावा म्हणून 1935 पासून मुंबईच्या गिरण्यांत बदली कामगारांची नोंद ठेवायला सुरुवात झाली. तरी वडिलांनी पहिल्या पगारातले पैसे त्याला दिलेच.

आमचं घर त्या ओळखीवर उभं राहिलं, हे मी विसरत नाही. पण त्याच साखळीने किती जणांना बाहेर ठेवलं तेही वडिलांनीच सांगितलं. विणकाम खात्यात दलितांना घेत नसत. धोट्यातून (मागावर आडवा धागा नेतो तो) सूत तोंडाने ओढावं लागे आणि त्यांचं तोंड लागलेला धोटा बाकीच्यांना चालत नसे. जास्त पगार मात्र त्याच खात्यात. डॉ. आंबेडकरांनी 1928 च्या संपाच्या वेळी हा प्रश्न लावून धरला. वडील हे सांगताना खाली बघून बोलायचे. "आम्ही सगळे एका गावचे, एका भावकीचे. बाहेरचा आला तर आम्हीच नको म्हणायचो," असं.

तुला त्या दुसऱ्या मुलीची आठवण झाली, हे मला फार बरं वाटलं. मामाचा राग करू नकोस. मुंबईला गेलेल्या आपल्या माणसांना गावच्या पोरांसाठी दुसरं काय करता येतं? शब्द टाकता येतो, तेवढाच.

उत्तर: लोटेवाला (चिपळूण)

लोटे-परशुरामच्या एमआयडीसीत 19 वर्षं झाली, त्यातली सहा मी भरती बघतो. शिफारशीचा फोन आला नाही असा आठवडा जात नाही. सरपंच, माल पुरवणारे, शाळेतले मित्र, बायकोच्या माहेरचे. मी कुणाला नाही म्हणत नाही. पोराला पाठवा म्हणतो. पण वहीत कोणी पाठवलं ते लिहितो आणि तो माणूस आमच्यापैकी असेल तर मुलाखतीला बसत नाही. लॅबची जागा असेल तर सगळ्यांसमोर तेच ब्युरेट, तोच नमुना. तीन वेळा टायट्रेशन, म्हणजे ब्युरेटच्या नळीतून थेंब-थेंब द्रावण सोडून मोजमाप, तिन्ही आकडे जुळले पाहिजेत. तिथे सरपंचाच्या पोराचा हात थरथरतो आणि कुणाची ओळख नसलेली खेडची मुलगी शांतपणे थेंब-थेंब सोडते, हे मी स्वतः पाहिलं आहे.

हे शहाणपण मला स्वतः चूक करून आलं. सुरुवातीला एका जवळच्या मित्राचा मुलगा मी तसाच लावून घेतला. रात्रपाळीत तो झोपायचा. त्याला बोललो की मित्र दुखावणार, म्हणून मी गप्प. एका रात्री व्हॉल्व्ह उघडा राहिला. कोणी जखमी झालं नाही ही देवाची कृपा. पण त्या पाळीतले बाकीचे चौघे त्यानंतर माझ्याशी कामापुरतंच बोलायचे. वशिल्याचं तट्टू मी आणलं होतं, ओझं ते वाहत होते. मित्र गेला तो गेलाच.

सगळीच सवलत वशिला नसते, हेही लक्षात घ्या. कोकण रेल्वेसाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या घरच्यांना तिथल्या भरतीत प्राधान्य आहे. ती अट जाहिरातीत छापलेली असते, कोणालाही वाचता येते. तुझ्या कारखान्यात लिहिलेलं काहीच नव्हतं, दुखणं तिथे आहे.

तू एक कर. सोमवारची वाट बघू नकोस, त्या गृहस्थांना आजच फोन कर. म्हण, काका, मामाने माझं नाव सांगितलं त्याबद्दल आभार, पण माझी परीक्षा घ्या, आणि आणखी कोणी अर्ज केला असेल तर त्यांचीही माझ्याबरोबरच घ्या. माणूस बरा असेल तर त्यालाही हलकं वाटेल. शिफारस करणाऱ्यालासुद्धा झोप लागत नसते.

आणि जुन्या कारखान्याकडून दोन हंगामांचं अनुभवपत्र लेखी घे. तुझ्या पदवीची झेरॉक्स त्यांच्या फाइलमध्ये आहे का तेही विचार. अन्न परवान्याच्या अटींत उत्पादनावर देखरेखीला किमान एक तांत्रिक माणूस लागतो, रसायनशास्त्र किंवा मायक्रोबायोलॉजीसारख्या विषयातली विज्ञान पदवी नाहीतर फूड टेक्नॉलॉजी झालेला. बीकॉमवर ते भागत नाही. तू तिथे नसताना तुझी पदवी दाखवून ऑडिट निघत असेल तर ते आजच थांबव.

उत्तर: तालुका कोर्टातली (सावंतवाडी)

तक्रारीचं थोडक्यात सांगते. खाजगी मालकाने भाच्याला घेतलं, याला सरळ कायदेशीर अडकाठी नाही. घटनेचं कलम 16 सरकारी नोकरीपुरतं आहे. माहितीचा अधिकार 2005 चा, तोही सार्वजनिक प्राधिकरणांना. पतसंस्था, सोसायट्यासुद्धा त्यात सरसकट येत नाहीत, सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये केरळच्या थलप्पलम सहकारी बँकेच्या प्रकरणात तसं म्हटलंय.

सरकारी भरती असती तर 10 रुपयांत अर्ज, 30 दिवसांत उत्तर, आणि स्वतःची उत्तरपत्रिका बघायचा हक्क सर्वोच्च न्यायालयाच्या 2011 च्या निकालापासून आहेच. केंद्राने 1 जानेवारी 2016 पासून गट क आणि गट ब अराजपत्रित पदांच्या मुलाखती बंद केल्या. "घर कुठल्या वाडीत" विचारायची सोयच संपली. तुमच्या बाबतीत अन्न व औषध प्रशासनाकडे जाता येईल, पण ते पल्पच्या दर्जासाठी. त्याने तुमची जागा परत मिळणार नाही, हे मनाशी धरूनच जा.

पुन्हा: खाडीपलीकडची

सगळ्यांचे मनापासून आभार. आबा, तुमचं लिहिलेलं मी बाबांना वाचून दाखवलं. आमचे आजोबाही गिरणीत होते. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत.

झेरॉक्स फाइलमध्ये होती. यंदाच्या फाइलमध्ये. मी ती मागून घेतली, आणि अनुभवपत्र मिळेपर्यंत ऑफिसातून हलले नाही. तीन तास लागले.

रत्नागिरीच्या काकांना फोन केला. बोलताना घसा कोरडा पडला होता. ते आधी गप्प झाले, मग म्हणाले, "दोन अर्ज पडून आहेत, त्यांनाही बोलावतो." मामा चिडला, "माझा शब्द तू खाली पाडलास" म्हणाला. त्याला कसं समजवायचं ते अजून सुचलेलं नाही.

आज आम्ही तिघी होतो. एक गुहागरची, पहाटेच्या एसटीने आलेली, एक तिथलीच, राजिवड्याची. तिघींना कोळंबीचा एकच नमुना दिला. तो दहाच्या पटीत पातळ करत जायचा आणि प्लेटा ओतायच्या. गुहागरच्या मुलीचा हात माझ्यापेक्षा साफ आहे, हे मला बघताक्षणी कळलं.

प्लेटा आता 48 तास इनक्युबेटरमध्ये आहेत. त्यांच्यावर नावं नाहीत, 1, 2, 3 एवढंच लिहिलंय. बुधवारी मोजणार आहेत, आणि ज्या बाई मोजणार त्यांना कोणता आकडा कोणाचा ते माहीत नाही.