मदत हवी आहे: एसीएलच्या ऑपरेशननंतर गुडघ्याची झीज कशी टाळायची?

माझ्या धाकट्या भावाचं (वय २४) एसीएलचं (गुडघ्यातली हाडं जोडून ठेवणाऱ्या एका मुख्य लिगामेंटचं, म्हणजे पट्ट्याचं) ऑपरेशन होऊन ७ महिने झाले. फाटलेल्या मेनिस्कसचा (गुडघ्यातल्या कूर्चेच्या गादीचा) तुकडाही काढावा लागला, आणि मला खरी धास्ती त्याचीच आहे. लिगामेंट नवं बसवलं तरी अशा गुडघ्याची झीज तरुणपणीच सुरू होऊ शकते. जिना उतरताना तो अजून कठडा धरतो, टेपने मोजली तर त्या पायाची मांडी दीड सेंटिमीटर बारीक भरते. तरी फुटबॉलची घाई! ९ महिन्यांआधी मैदान नको, मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या निदान ९० टक्के हवी, असं फिजिओने बजावलंय.

यातून गेलेल्यांनी कृपया सांगा, मांडी भरून यायला नेमकं काय कामी आलं? नुसती सायकल पुरते का? व्यायामानंतर संध्याकाळी गुडघा सुजला, तर दुसऱ्या दिवशी व्यायाम थांबवता की कमी करता?