शब्दचर्चा : चित्राचे ‘शिल्पांतर’ की ‘शिल्परूपांतर’?

प्रश्न : चित्रातल्या आकृती संगणकावर त्रिमितीत घडवायच्या, मग त्या चहूबाजूंनी दाखवायच्या किंवा हलवायच्या, या कामाला मराठीत काय म्हणावे? एका प्रदर्शनाच्या माहितीफलकासाठी हवे आहे. मला ‘शिल्पांतर’ आणि ‘चलशिल्प’ सुचले.

प्रतिसाद : ‘शिल्पांतर’ नको. भाषांतर म्हणजे एका भाषेतून दुसऱ्या भाषेत, नामांतर म्हणजे एक नाव जाऊन दुसरे. त्या चालीने शिल्पांतर म्हणजे एका शिल्पाचे दुसरे शिल्प होईल, आणि इथे मूळ तर चित्र आहे. कादंबरीचे नाट्यरूपांतर होते, तसे चित्राचे ‘शिल्परूपांतर’ म्हणा.

हा शब्द कामाच्या स्वरूपालाही न्याय देतो. नाट्यरूपांतरकाराला कादंबरीत नसलेले संवाद लिहावे लागतात, इथे चित्रात नसलेली पाठ घडवावी लागते. लेना गीझेके या जर्मन कलावतीने पिकासोच्या ‘गेर्निका’चे (१९३७) असे रूपांतर केले आहे. मूळ चित्र माद्रिदला आहे, सुमारे साडेतीन मीटर उंच आणि पावणेआठ मीटर लांब. त्यात मेलेले मूल घेऊन आक्रोश करणारी आई पाहा. मान मागे टाकलेली, आणि दोन्ही डोळे चेहऱ्याच्या एकाच बाजूला. कॅनव्हासवर हे बिनतक्रार पटते. पण कॅमेरा पलीकडे गेला की त्या बाजूला काय दाखवायचे? पिकासोने ते रंगवलेलेच नाही. तिथे घडवणाऱ्याला स्वतःच निर्णय घ्यावा लागतो, म्हणून त्याचे नाव फलकावर मूळ चित्रकाराच्या खालोखाल यायलाच हवे.

प्रतिसाद : ‘चलशिल्प’ला माझाही विरोध. देवळात ‘चलमूर्ती’ म्हणजे जागेवरून हलवता येणारी मूर्ती, उत्सवाला पालखीत बसते ती. शिवाय अलेक्झांडर काल्डरच्या वाऱ्यावर डोलणाऱ्या धातूच्या रचना आहेत, त्यांना चलशिल्प हा शब्द चपखल बसतो. तो त्यांच्यासाठीच राहू द्या. आणि गीझेके यांच्या कामात आकृती जागच्या जागीच आहेत, फिरतो तो कॅमेरा. आकृती खरोखर हलत असतील तरच ‘अ‍ॅनिमेटेड’ लावा. त्यासाठी मराठीत ‘सचेत’ म्हटले की हल्ली आधी ‘सावध’ हाच अर्थ डोक्यात येतो.

प्रतिसाद : एक जुनी भर. ‘शिल्परत्न’ या संस्कृत ग्रंथात सर्व बाजूंनी घडवलेल्या आकृतीला ‘चित्र’, भिंतीतून अर्धी वर आलेलीला ‘अर्धचित्र’ आणि सपाटीवर रंगवलेलीला ‘चित्राभास’ म्हटले आहे. म्हणजे या परिभाषेत ‘आभास’ रंगवलेल्या चित्राकडे जातो! ‘आभासी शिल्प’ म्हणण्याआधी हे लक्षात असावे. मधली पायरीही कामाची आहे : नुसता ‘डेप्थ मॅप’ (चित्राचा कोणता भाग किती पुढे, किती मागे याचा नकाशा) वापरून चित्र पुढे उचलले असेल, मागची बाजूच नसेल, तर ते ‘उठावशिल्प’. त्याला पूर्ण शिल्प म्हणू नये.

प्रश्नकर्ती : आभार. मग ‘गेर्निकाचे डिजिटल शिल्परूपांतर’ असे लिहिते. क्रियापद ‘कोरले’ चालेल का?

प्रतिसाद : ‘घडवले’ बरे. कोरताना दगड फक्त कमी होत जातो. झेडब्रश किंवा ब्लेंडर या त्रिमितीत आकृती घडवण्याच्या संगणक-प्रणालींमध्ये पृष्ठभाग ओढता येतो, दाबता येतो, त्यावर भर घालता येते. ती रीत मातीकामाची आहे.