पणजोबांच्या दुकानाच्या वह्या: अभ्यास कुठून सुरू करू?

म्हापशेकर: मंडळी, सल्ला हवाय. घर आवरताना माळ्यावर पणजोबांच्या किराणा दुकानाच्या नऊ वह्या मिळाल्या. लाल कापडी बांधणी, सगळं मोडीत, पहिल्या पानावर 'श्री' आणि कार्तिक शके १८५५. दुहेरी नोंद पद्धत (प्रत्येक व्यवहार दोन खात्यांत लिहायची) आपल्याकडे इटलीच्या आधीपासून होती, हे यातून दाखवता येईल का?

रोजकीर्द: नाही हो. १९३३ च्या वहीवरून १४९४ च्या आधीचं काय सांगणार? त्या साली व्हेनिसमध्ये इटालियन गणितज्ञ पाचोलीचा, ही पद्धत सांगणारा ग्रंथ छापला गेला, पण पद्धत त्याने शोधलेली नाही. व्यापारी वापरत होते ती त्याने मांडली. तुमचा प्रश्न जुनाच आहे. लाल निगम यांनी १९८६ साली 'अबॅकस' या हिशेबशास्त्राच्या नियतकालिकात बहीखात्याची, म्हणजे आपल्या जुन्या हिशेबपद्धतीची, बाजू मांडली, पुढच्याच वर्षी ख्रिस्तोफर नोब्स यांनी तिथेच ती खोडली. दोन्ही लेख वाचा. पुरावा कशाला म्हणायचं ते कळेल.

वह्यांचं म्हणाल तर एकच उधारी धरा. समजा, कुणी नारळ उधार नेले. रोजकीर्दीतली (रोजच्या नोंदींच्या वहीतली) ती नोंद खतावणीत (खातेवार वहीत) कुठल्या पानावर गेली आणि पैसे आल्यावर कशी मिटली, ते शोधा. माल आणि गिऱ्हाईक, दोघांचीही खाती चालली असतील तर मजा आहे. नुसती रोकड जुळवली असेल तर ती दुहेरी नोंद नव्हे. आणि हो, आपल्याकडे जमा (क्रेडिट) डावीकडे, नावे (डेबिट) उजवीकडे. इंग्रजी लेजरच्या नेमकं उलट. माझे पहिले दोन महिने यातच गेले!

फोंड्याची सीए: काका, बेरजा करताना जपून. तेव्हाचा रुपया म्हणजे आपली पोर्तुगीज काळातली गोव्याची रुपिया, १६ टांगांची (टांगा हे तिच्याखालचं नाणं). त्याआधीच्या कागदांत शेराफिन हे जुनं चलन येतं, ते ५ टांगांचं. ।, ॥, ॥। या पाव, अर्धा, पाऊणच्या खुणा आहेत, वाक्याअखेरचा दंड समजून सोडू नका.

मोडीवेडा: पणजीच्या पुराभिलेखात एक चक्कर माराच. तुलनेला म्हामाय कामत या गोव्यातल्या जुन्या व्यापारी घराण्याचे कागदही बघा, पण जाण्याआधी फोन करा. वह्यांना टेप मात्र लावू नका, हात जोडतो.

म्हापशेकर: एक गोंधळ. त्याच वहीत मध्येच शके १८५६ सुरू होतो. पानं दुसऱ्या वहीतली शिवलीत का?

रोजकीर्द: तो महिना चैत्र आहे का बघा. वही पाडव्याला उघडायची ती दिवाळीच्या, शक बदलतो गुढीच्या पाडव्याला.

म्हापशेकर: चैत्रच आहे! आणि त्या दिवशी गुळाचा खप तिप्पट.