अनुभव धागा : भाड्याचं दुकान ठरवताना तुम्ही काय काय पाहिलंत?

मी डोंबिवली पूर्वेला घरून मसाले, भाजणी, मेतकूट, लोणची विकते. घरात आता बरण्या ठेवायला जागा उरली नाही, म्हणून दुकान भाड्याने घ्यायचं चाललंय. दोन जागा डोळ्यासमोर आहेत. एक स्टेशनच्या रस्त्यावर, जेमतेम उभं राहण्यापुरती, भाडं मात्र दाबून. दुसरी आतल्या गल्लीत सोसायटीच्या तळमजल्यावर, ऐसपैस आणि जवळपास निम्म्या भाड्यात. एजंटचं ऐकून ऐकून डोकं पिकलंय. ज्यांनी स्वतः दुकान घेतलंय त्यांनी लिहा. गाव कुठलंही, धंदा कुठलाही चालेल. फक्त 'लोकेशन महत्त्वाचं' एवढंच लिहू नका, ते एजंटही सांगतो.

फरसाणवाला, डोंबिवली

ताई, स्टेशनच्या रस्त्यावर म्हणजे कुठल्या हाताला, ते आधी बघा. सकाळी आठ-बत्तीसची लोकल पकडायला धावणारा माणूस समोर सोनं मांडलं तरी थांबत नाही. आपलं गिऱ्हाईक संध्याकाळी उतरणारं. ते ज्या बाजूने घरी चालत जातं, त्या बाजूचं दुकान हवं. मध्ये दुभाजक असेल तर समोरची बाजू म्हणजे दुसरं गाव समजा.

आमच्याकडे आणखी एक गोष्ट उपयोगी पडली, ती म्हणजे शेअर रिक्षाची रांग. रांगेच्या तोंडाशी उभा असलेला माणूस काही घेत नाही, त्याला रिक्षा सुटायची भीती. शेपटाकडचा घेतो, बायकोला फोन करून घेतो. मी दुकान घेताना गर्दीच्या वेळी रांग कुठवर येते ते पाहून घेतलं. स्टँड कधीही हलू शकतो, हे मात्र धरूनच चाला. त्या एका रांगेच्या जिवावर पाच वर्षांचा करार करू नका.

ब्लाउज शिवणारी, सातारा

दादांचं फरसाणाला बरोबर आहे, पण सगळ्यांना लागू नाही. माझं दुकान पहिल्या मजल्यावर, जिना अरुंद, रस्त्यावरून पाटीसुद्धा धड दिसत नाही. खालच्या गाळ्याच्या मानाने भाडं फारच कमी. ब्लाउज नीट बसला की बाई तिसऱ्या मजल्यावरही चढून येते, आणि मापाला एकदा, न्यायला एकदा अशी दोनदा येते. तुमच्याकडे लोक शोधत येतात की जाता जाता घेतात? गोडा मसाला एकदा आवडला की माणूस शोधत येतो, असं मला वाटतं. भाजणीचंही तेच.

वरच्या मजल्यावर घेतलंत तर स्वच्छतागृह कुठे आहे आणि त्याची किल्ली कोणाकडे असते, हे विचारा. दिवसभर दुकानात बसणाऱ्या बाईने हे पहिल्यांदा विचारायला हवं. एजंट पुरुष असतो, त्याला सुचत नाही.

कापड दुकान, चिपळूण

आमच्या बाजारपेठेने २६ जुलै २००५ पाहिला आणि २२ जुलै २०२१ही पाहिला. २०२१ ला आमचा तळमजला पुरता बुडाला. साड्यांच्या गठ्ठ्यांतला चिखल वाळल्यावर त्या उकलतसुद्धा नव्हत्या. त्यानंतर दुसरी जागा बघायला निघालो तेव्हा भाड्याचं नाव नंतर काढलं. आधी शेजारच्या जुन्या दुकानदाराला विचारायचं, २००५ ला पाणी कुठवर होतं आणि २१ ला कुठवर. तो भिंतीवर हात ठेवून दाखवतो. मालक म्हणतो इथे पाणी येत नाही. शेजारी खरं बोलतो, कारण त्याला जागा भाड्याने द्यायची नसते.

ताजा रंग मारलेला गाळा असेल तर मीटर किती उंचीवर बसवलाय ते बघा. आजूबाजूच्या सगळ्या दुकानांत मीटर डोक्याच्याही वर चढवलेले असले, तर काय ते समजा. जलसंपदा खात्याच्या पूररेषाही बघाव्यात. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. आमच्याकडे निळीच्या आत असूनही लोक दुकानं घेतात, कारण गिऱ्हाईक तिथेच आहे. आम्हीही बाजारपेठ सोडली नाही. फक्त माल ठेवायला वरच्या अंगाला वेगळी खोली घेतली, आणि दुकानात माळा करून देणाऱ्या मालकालाच हो म्हटलं.

विम्याचंही सांगतो. मालकाचा विमा इमारतीचा असतो, आपल्या मालाचा नसतो. आपल्या पॉलिसीत पुराचं संरक्षण लिहिलेलं आहे का, ते वाचून घ्या.

डोंबिवलीत नदीचा पूर नसेल, पण रस्ता काँक्रीटचा झाल्यावर दुकान खाली गेलेलं किती ठिकाणी दिसतं! उंबऱ्यापेक्षा रस्ता वर असेल तर पावसात पाणी आत येणारच.

औषधविक्रेता, पुणे

औषधाच्या किरकोळ परवान्याला किमान १० चौरस मीटर जागा लागते, म्हणजे साधारण १०८ चौरस फूट. मला दाखवलेला गाळा '१३५ फूट' होता. टेप लावली तर आतून ९५ भरला. बाकीचे फूट जिना, भिंती आणि मालकाचा आशावाद यांत गेले. त्यामुळे टेप खिशात ठेवा आणि मालकासमोरच मोजा.

आमचा परवाना पत्त्याला चिकटलेला असतो, जागा बदलली की परत सगळं पहिल्यापासून. त्यामुळे करारात लॉक-इन नीट लिहून घेतलं : ठरलेल्या काळात मालक आम्हाला काढू शकत नाही, आणि सोडायचं झालं तर आम्ही किती महिने आधी कळवायचं. ताई, खाद्यपदार्थांची नोंदणीही पत्त्यावरच असते, तुम्हालाही हे बघावं लागेल.

करार नोंदवलेलाच हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृत असणं सक्तीचं आहे, आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची. लिव्ह अँड लायसन्सला मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के असतं, वर परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून तेही त्या हिशेबात घेतात. लहान गाळ्याला ही रक्कम किरकोळ होते. 'आपण नोटरी करू, खर्च वाचेल' म्हणणाऱ्या मालकाला मी तिथल्या तिथे नमस्कार केला.

पिठाची गिरणी, इचलकरंजी

माझी पहिली अट थ्री फेज वीज. गाळा कितीही छान असो, लोड मिळणार नसेल तर जातं फिरणार नाही. तुम्ही मसाले तिथेच कांडणार असाल तर हे तुम्हालाही लागू आहे, शिवाय वरच्या मजल्यावरच्यांना मसाल्याचा खाट आणि आवाज, दोन्ही जाणार. सोसायटी वर्षभर गप्प बसेल आणि मग नोटीस देईल.

मागचं लाइटबिल मागा. थकबाकी आहे का आणि मीटर घरगुती आहे की व्यापारी, दोन्ही त्यावर कळतं. घरगुती मीटरवर दुकान चालवलेलं सापडलं तर वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते.

झेरॉक्स, एक तालुक्याचं गाव

तहसीलसमोर दुकान होतं. तहसील नव्या इमारतीत गेलं. पुढचं सांगायला नको. आता कुठल्याही कचेरीसमोर जागा घेताना ती कचेरी स्वतःच्या इमारतीत आहे की भाड्याच्या, हे आधी विचारतो.

म्हापशाहून

आमच्याकडे शुक्रवारचा बाजार. मयड्याची केळी, पावसाच्या तोंडावर मानकुराद आंबे, चुरीस म्हणजे गोव्याचे सॉसेज. पाय ठेवायला जागा नसते. मालक जागा दाखवायला शुक्रवारीच बोलावतात! मी मंगळवारी दुपारी जाऊन बसलो, तेव्हा खरा धंदा कळला. आणखी एक : पालिकेचा गाळा कोणी 'वापरायला देतो' म्हणाला तर मूळ वाटप कोणाच्या नावावर आहे ते पाहा. पोटभाडेकरूला पालिका ओळखत नाही.

हिशेबनीस

दुकानाच्या भाड्यावर १८ टक्के जीएसटी आहे. मालक नोंदणीकृत नसेल आणि तुम्ही असाल, तर १० ऑक्टोबर २०२४ पासून तो कर तुम्हीच भरायचा. कंपोझिशनवाल्यांना, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने जीएसटी भरणाऱ्या छोट्या व्यापाऱ्यांना, १६ जानेवारी २०२५ पासून यातून वगळलंय. भाडं ठरवताना 'कर धरून की वेगळा' हे करारात लिहून घ्या. आणि पाटी मराठीत करा, अक्षर दुसऱ्या कुठल्या लिपीपेक्षा लहान नको. दहापेक्षा कमी कामगार असले तरी आता हा नियम लागू आहे.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. आज गल्लीतल्या जागेचं लाइटबिल मागितलं. घरगुती निघालं! शिवाय सोसायटीच्या सेक्रेटरींशी बोलले, तर मंजूर नकाशात ती जागा पार्किंग आहे म्हणे.

औषधविक्रेता, पुणे

मग ती जागा सोडा. पार्किंगचा गाळा पालिका कधीही बंद करू शकते, आणि त्या पत्त्यावर तुम्हाला परवानेही धड मिळायचे नाहीत. निम्मं भाडं त्याचंच होतं.

फरसाणवाला, डोंबिवली

स्टेशनच्या रस्त्यावरची जागा कुठल्या हाताला, ते अजून सांगितलं नाहीत.

धागाकर्ती

उतरणाऱ्यांच्या हाताला आहे. भाडं कमी करत नाहीयेत, पण फर्निचर होईपर्यंतचा महिना बिनभाड्याचा द्यायला तयार झालेत. उद्या संध्याकाळी टेप घेऊन जातेय.